पोथीचे मेज

खाडीच्या काठी केळशेत नावाचे एक गाव आहे. आज धक्क्याकडे जाणारा सरळ रस्ता जिथे सुरू होतो, तिथे पूर्वी एक भला मोठा फणस होता. त्या फणसाखाली एके दिवशी श्रीनिवांत महाराज येऊन बसले. अंगावर काळे घोंगडे, हातात काही नाही. कुणी विचारले, "बाबा, कुठून आलात?" महाराज म्हणाले, "निवांत." "नाव काय आपलं?" "निवांत." "जेवलात का?" तेव्हा मात्र महाराज म्हणाले, "नाही!" गावाने भाकरी आणून दिली आणि महाराज तीस वर्षे केळशेतात राहिले. अशी ती सोयरीक जुळली.

काय सांगू मंडळी, त्या फणसाखालचे दिवसच वेगळे होते! रोज दिवेलागणीच्या आधी विसूभट जोशी पोथी वाचायचे आणि सगळा गाव फणसाच्या मुळ्यांवर बसून ऐकायचा. कुणी कुठे बसायचे ते ठरलेले. म्हातारे बुंध्याशी, बायका उगवतीकडे, पोरे जिथे गप्प बसतील तिथे. खाडीकडच्या मुळीवर दळव्यांची यसूबाई. तिचा एकुलता एक बापू तालुक्याच्या शाळेत शिकायचा आणि संध्याकाळच्या मचव्याने परत यायचा. यसूबाई भाकरीचे फडके मांडीवर घेऊन त्याची वाट पाहत बसायची. पुढे बापू शिकला, सरकारी नोकरीत चढला, परगावी गेला, तरी तिची तिथे बसायची सवय काही सुटली नाही. मचवा रिकामा आला की ती भाकरी महाराजांना द्यायची. ती वारली तेव्हा बापूला तार वेळेवर मिळाली नाही, असे म्हणतात.

तेच बापूसाहेब दळवी पुढे ओव्हरशियर होऊन आपल्याच तालुक्यात बदलून आले. त्यांनी धक्क्याचा रस्ता आखला आणि आखणी नेमकी फणसावरून गेली. लोक हातापाया पडले. "साहेब, रस्ता थोडा वळवा, झाड राहू द्या." बापूसाहेब म्हणाले, "सरकारी रस्ता झाडाला विचारून जात नाही." आणि कुऱ्हाडी लागल्या. झाड पडत होते तेव्हा बायका पदर तोंडात धरून रडत होत्या. महाराज शांतपणे उठले, पडलेल्या बुंध्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "झाड गेलं बापू. आता सावली कुठं जाते ते बघू."

बापूसाहेब हसले. "महाराज, झाड गेलं की सावली जाते. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे."

 महाराज गावातल्या मठाच्या गवती पडवीत राहायला गेले, पोथीही तिकडेच गेली. पण खरे सांगायचे तर पूर्वीची ती गोडी पुन्हा आली नाही. माणसे येत, ऐकत आणि लगेच उठून जात.

या गोष्टीला बारा वर्षे लोटली. बापूसाहेब पेन्शन घेऊन गावात राहायला आले. विसूभटांनी सत्तरी ओलांडली, त्यांचे गुडघे धरले. एके संध्याकाळी पोथी वाचून झाल्यावर त्यांना उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभे केले. म्हातारा ओशाळला आणि म्हणाला, "महाराज, आता मांडी घालून बसवत नाही. चाळीस वर्षं वाचली. आता पोथी बांधून ठेवावी म्हणतो."

 दुसरे कोण वाचणार? विसूभटांसारखा आवाज पंचक्रोशीत नव्हता.

महाराज म्हणाले, "विसू, मांडी मोडली म्हणून जीभ मोडली का? तू खुर्चीत बस. पोथीला उंच मेज करू. दत्तजयंतीच्या सप्ताहाला पोथी मेजावर यायला हवी."

बापूसाहेब लगेच पुढे सरसावले. "उत्तम! मी शहरातल्या कारखान्यातून मागवतो. काचेसारखं पॉलिश, वर फुलांचं जडावकाम. महिन्याभरात येईल."

"तू मागव की," महाराज म्हणाले, "पण मेज गुणाजी करील."

मागच्या खांबाला टेकून गुणाजी मेस्त्री बसला होता. आपले नाव ऐकून तो दचकलाच. गुणाजी हा गावचा सुतार. नांगर, पाळणे, दारे, होडीची वल्ही, सगळे काही त्याच्या हातचे. पण दोन वर्षांपूर्वी त्याची बायको सुंदराबाई गेली आणि त्याने हत्यारे पेटीत घातली ती घातलीच. एका डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता, हातही थरथरू लागला होता. लोकांनी कामे दुसऱ्या गावच्या सुताराला द्यायला सुरुवात केली होती. गुणाजीलाही मनातून तेच वाटे, की आपले हात आता संपले.

"महाराज, माझ्याच्यानं नाही व्हायचं," तो हात जोडून म्हणाला. "नांगर ठोकणारा माणूस मी. जडावकाम माझ्या बापाला येत होतं. मी लहानपणी बघितलं तेवढंच."

"बघितलंस ना? मग झालं तर."

"डोळ्यांनी दिसत नाही नीट."

"विसूलाही दिसत नाही. तो वाचतोच की!"

लोक हसले. गुणाजी मात्र मान खाली घालून घरी गेला. जाताना त्याच्या मनात एकच धाकधूक होती. हे मेज जमले नाही तर विसूभट पोथी बांधून ठेवणार, आणि ती आपल्यामुळे बांधली गेली असे गाव म्हणणार.

आता गुणाजीच्या घरची एक रीत सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. त्याच्या आज्यापासून असा नेम होता की गावात कुणाचेही काम केले तरी त्या लाकडाचा एक कपटा घरी आणून पेटीत ठेवायचा. पाळणा असो, देव्हारा असो, उंबरा असो. कपट्यावर कोळशाने घराचे नाव लिहायचे. का ठेवायचा, हे कुणी सांगितले नव्हते. बाप ठेवायचा म्हणून पोराने ठेवायचा. तीन पिढ्यांचे कपटे पत्र्याच्या पेटीत साठले होते. शिसवाचे काळे, खैराचे तांबूस, शिवणीचे पांढरट.

आणि माळ्यावर एक फळी होती. फणस पडला त्या दिवशी मजुरांनी ओंडके मुकादमाच्या गाडीत भरले. सुंदराबाईने तेवढ्यात एक फाळका ओढून डोक्यावर घेतला होता. "घेऊ द्या हो, आमच्या चुलीला होईल," असे मुकादमाला सांगून ती घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "चुलीत घातलंत तर बघा!" नंतर गुणाजीने त्या फाळक्याची फळी काढली आणि बारा वर्षे ती माळ्यावर होती. सुंदराबाई दर दिवाळीला ती फळी पुसायची.

गुणाजीने फळी खाली उतरवली तेव्हा तिच्यावर दोन वर्षांची धूळ होती. त्याला भडभडून आले. त्याने फळी मांडीवर घेऊन पुसली. मग त्याने हत्यारांची पेटी उघडली आणि गंजलेली पटाशी दगडावर पाजळायला घेतली.

जडावकाम म्हणजे काय, तर लाकडाचा पत्रावळीच्या पानाएवढा पातळ पापुद्रा काढायचा आणि असे निरनिराळ्या रंगांचे पापुद्रे नक्षीत कापून पाटावर चिकटवायचे. बोलायला सोपे! पहिले चार पापुद्रे गुणाजीच्या हातात मोडले. पाचवा अखंड निघाला तेव्हा तो एकटाच मोठ्याने म्हणाला, "जमतंय गं!" कुणाला म्हणाला ते तुम्हाला कळले असेल.

पाट सागाचा केला, पायही सागाचे. मधोमध फणसाचा पिवळाधमक पापुद्रा, पोथी ठेवायची जागा तीच. भोवती कपट्यांच्या शंकरपाळ्यांची वेल. लोक रस्त्याने जाता जाता थांबू लागले. नावे पुसायच्या आधी गुणाजी वाचून दाखवायचा. "ही पाटलांच्या उंबऱ्याची. ही कोळ्यांच्या होडीची." एक म्हातारी आली. तिच्या पहिल्या मुलाच्या पाळण्याचा कपटा त्यात होता. तो मुलगा सहा महिन्यांचा होऊन गेला होता. तिने तांबूस शंकरपाळीवर बोट ठेवले आणि बोट काही उचलले नाही. गुणाजीने त्या दिवशी पुढे काम केले नाही.

बापूसाहेबही रोज काठी टेकत यायचे. त्यांचे मेज कारखान्यातून केव्हाच येऊन पडले होते. "काय मेस्त्री, भंगार जोडून झालं का?" असे विचारायचे आणि चष्मा पुसत उभे राहायचे. एक दिवस पाहतात तो गुणाजी दूध नासवून त्याचा चोथा फडक्यात पिळतो आहे.

"हे काय चाललंय?"

"चिकटवायला साहेब. बाजारचा सरस म्हणजे जनावराचं कातडं उकळून केलेला. वर पोथी यायची आहे. तो कसा चालेल? माझी आई दुधाचा चोथा आणि चुना एकत्र करायची. त्यानं चिकटलेलं सुटत नाही."

बापूसाहेब खो खो हसले. "अरे, मेज करतोयस की पेढे? विसूभट वाचता वाचता चाटून खातील!" जमलेली चार टाळकीही हसली. गुणाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो चोथा पिळत राहिला.

आणि इथेच त्याच्या हातून चूक झाली. चोथा आणि चुना घोटायला त्याने सुंदराबाईची लोखंडी कढई घेतली. घरात दगडी खल होता, मातीचे परळ होते. पण ती कढई तिची होती, दोन वर्षे पालथी पडली होती. त्याला वाटले, या कामात तिचाही हात लागू दे. त्याच कढईत त्याने लगदा घोटला, पापुद्रे बसवले, वर फडके घालून वजनाला जात्याचे दोन्ही दगड ठेवले आणि तीन दिवस हात लावला नाही.

सप्ताहाचा पहिला दिवस उजाडला. पोथी तिसऱ्या प्रहरी मांडायची होती. सकाळी गुणाजीने दगड उचलले आणि फडके काढले.

कडेची वेल सुरेख बसली होती. पण मधला पिवळाधमक फणस काळवंडला होता! लोखंडाचा अंश चुन्याबरोबर लाकडात उतरला होता आणि पापुद्र्यावर मोठाले काळे डाग आले होते, जणू कुणी शाई सांडली होती. गुणाजीने रंधा मारला तर डाग आणखी खोल दिसला. लिंबू चोळले तर आणखी पसरला. दुसरा पापुद्रा काढावा तर फळी त्या मोडलेल्या पापुद्र्यांतच संपली होती. आणि तो फणस आता कुठून आणणार?

कसेबसे चौघांनी मेज मठात आणले. शेजारी बापूसाहेबांचे कारखान्याचे मेज झळकत होते. बापूसाहेब वाकले, डागावर नख घासून पाहिले आणि म्हणाले, "लोखंडी भांड्यात घोटलंस ना? अरे, लाकडाला लोखंड लागलं की काळं पडतं! साठ वर्षं सुतारकी केलीस आणि एवढं कळलं नाही? देवाच्या दारात काळं फासलंस बघ."

गुणाजीने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "चूक झाली महाराज. मला माहीत होतं ते. पण कढई तिची होती हो. तिचा हात लागावा असं वाटलं. हे मेज फोडून चुलीत घाला. माझे हात संपले."

विसूभट कोपऱ्यात पोथी छातीशी धरून उभे होते. त्यांचीही मान खाली गेली.

महाराजांनी गुणाजीला उठवले. त्याच्या दोन्ही हातांची बोटे धरून हुंगली आणि हसून म्हणाले, "दुधाचा वास येतोय रे. लहान मुलाच्या हाताला येतो तसा." मग त्यांनी अंगावरचे काळे घोंगडे काढले. इतक्या वर्षांत महाराजांना घोंगड्यावाचून कुणी पाहिले नव्हते. ते त्यांनी मेजावर अंथरले. "जागा खाडीवरच्या वाऱ्याची आहे. झाकून असू दे. तोवर निवांत नाम घ्या."

नाम सुरू झाले. बापूसाहेब हाताची घडी घालून खांबाशी उभे होते. गुणाजी डोळे मिटून बसला. त्याच्या ओठांवर नाम होते की आणखी काही, कोण जाणे. अर्ध्या घटकेने महाराजांनी टाळी वाजवून नाम थांबवले आणि म्हणाले, "गुणाजी, काढ घोंगडं."

"नको महाराज. मला नाही बघवत."

"अरे काढ तरी!"

गुणाजीने घोंगडे ओढले. आधी त्याला काही उमगलेच नाही. एका डोळ्याने तो वाकून पाहू लागला. मागून ती पाळण्याची म्हातारी किंचाळली, "अगो बाई! आपला फणस!"

डाग होता तिथेच होता, पण आता तो डाग नव्हता! पिवळ्या लाकडावर काळसर सावलीत अख्खा फणस उभा होता. तोच डावीकडे झुकलेला बुंधा, तीच मोडकी फांदी जिच्यावर पोरे झोके घ्यायची, जमिनीवर पसरलेल्या त्याच मुळ्या. लोक एकमेकांना लोटून पुढे आले. "ही माझी जागा बघ!" "इथं मी पडलो होतो आणि दात तुटला होता!" "बुंध्याशी महाराज बसलेत, दिसले का?" कुणी हसत होते, कुणी रडत होते. बारा वर्षांत त्या पडवीत एवढा गलका झाला नव्हता. गुणाजीने पापुद्र्यावर तळवा फिरवला. लाकूड गुळगुळीत होते, कुठे खरवड नाही की रंग नाही. जे होते ते आतूनच आलेले होते.

बापूसाहेबांनी लोकांना बाजूला सारले. "काहीतरी हातचलाखी असणार. बघू दे मला." त्यांनी चष्मा लावला आणि वाकले.

वाकले ते वाकलेच राहिले. त्यांचे बोट बुंध्यापाशी गेले नाही, महाराजांच्या आकृतीपाशी गेले नाही. ते खाडीकडच्या मुळीवर येऊन थांबले. तिथे बोटाच्या पेराएवढी एक बाई बसलेली होती. डोक्यावर पदर, मांडीवर गाठोडे, तोंड खाडीकडे.

"आई," बापूसाहेब म्हणाले. आवाज इतका लहान होता की फक्त शेजारच्या गुणाजीला ऐकू आला.

त्यांनी काठी टाकून दिली आणि मेजाची कड दोन्ही हातांनी धरली. "महाराज, लोक म्हणतात मी रस्त्यासाठी झाड तोडलं. खोटं आहे ते. रस्ता वळवता आला असता. नकाशावर दोन आखण्या होत्या. पण मी बदलून आलो तेव्हा जो तो मला सांगायचा, तुझी आई इथं बसायची, शेवटच्या दिवशीसुद्धा इथं बसली होती. ते झाड मला डोळ्यांसमोर नको होतं हो! येता जाता ते मला विचारायचं, तू का नाही आलास? म्हणून तोडलं. आणि तुम्हाला हसलो वर."

 महाराज उठून त्यांच्याजवळ आले. उघड्या अंगाने ते फार म्हातारे दिसत होते. त्यांनी बापूसाहेबांच्या पाठीवर हात ठेवला.

"ती कधीच तसं विचारत नव्हती रे. मचवा रिकामा आला की भाकरी मला द्यायची आणि म्हणायची, महाराज, खाऊन टाका, बापू उद्या येईल. एवढंच. तिच्या भाकरीवर मी किती वर्षं काढली, मला ठाऊक." मग हसून म्हणाले, "बारा वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास, झाड गेलं की सावली जाते. ही बघ, गुणाजीच्या घरी राहिली होती."

बापूसाहेब महाराजांच्या पायांवर पडले आणि ओक्साबोक्शी रडले. पेन्शन घेतलेला माणूस, पण रडणे शाळेतून उशिरा आलेल्या पोराचे! महाराजांनी त्यांना उठवले आणि म्हणाले, "माझ्या पाया कसल्या पडतोस? मी फक्त घोंगडं घातलं. ज्यानं तिच्यासाठी जागा केली, तो तिथं उभा आहे."

बापूसाहेब वळले. गुणाजी गडबडून मागे सरकू लागला. "साहेब, नको, नको..." पण बापूसाहेबांनी त्याचे ते चुन्याने फाटलेले, थरथरते हात धरले, कपाळाला लावले आणि भर सभेत वाकून त्याला नमस्कार केला. "मेस्त्री, मला माफ कर. आणि ती कढई जपून ठेव."

गुणाजीला रडू की हसू कळेना. तो म्हणाला, "साहेब, तिनंच ती फळी डोक्यावरून आणली होती. तुमच्या मुकादमाला थाप मारून."

"बरं केलं," बापूसाहेब म्हणाले. "फार बरं केलं."

त्यांचे कारखान्याचे मेजही वाया गेले नाही. महाराजांनी त्यावर प्रसादाची परात ठेवायला सांगितली. विसूभट खुर्चीत बसले, पोथी मेजावर आली, आणि त्या दिवशी पोथी संपल्यावरही कुणी उठले नाही. गुणाजीकडे पुन्हा पाळणे आणि दारे येऊ लागली. थरथरता हात काही थांबला नाही, पण त्याने कुठले काम त्यामुळे नाकारले नाही.

ते मेज आजही मठात आहे. पोथी ठेवायला गेलात तर जरा वाकून पाहा. खाडीकडच्या मुळीजवळ लाकूड थोडे झिजून चकचकीत झाले आहे. बापूसाहेब जिवंत होते तोवर रोज सर्वांत आधी मठात यायचे, भाकरीचे एक फडके महाराजांपुढे ठेवायचे, त्या जागी कपाळ टेकवायचे आणि मगच विसूभटांना म्हणायचे, "हं तात्या, आलो मी. करा सुरुवात."